तिकिटावरचा काळा ठिपका

पहिला अर्ज महापालिकेत दिला १७ ऑक्टोबर २०२४ ला. टपालाच्या टेबलावरच्या बाईंनी पोच दिली, आवक क्रमांक टाकला आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "काजळी मोजणार म्हणजे नक्की काय करणार?" मी सांगितलं, रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला एक छोटं यंत्र लावायचंय, चार आठवड्यांसाठी. "परवाच आचारसंहिता लागलीय बाई. साहेब निवडणुकीच्या ड्युटीवर. निकाल लागल्यावर या." निकाल २३ नोव्हेंबरला होता.

एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राचं माझं शेवटचं वर्ष. प्रबंधाचा विषय, पुण्यातल्या वाहत्या रस्त्याकडेचा ब्लॅक कार्बन. म्हणजे डिझेल, लाकूड, कचरा असं काहीही अर्धवट जळलं की हवेत जाणारी काजळी. विषय मीच हौसेनं घेतला होता. पेपर वाचताना सगळं सोपं वाटलं, कारण पेपरात 'उपकरण रस्त्यालगत बसवण्यात आले' एवढंच वाक्य असतं. त्या एका वाक्यात माझे साडेतीन महिने गेले. पुढच्या बॅचमधलं कुणी याच वाटेनं जाणार असेल तर त्याच्या हाती काहीतरी असावं, म्हणून हे लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी सगळ्यांना पडणारा प्रश्न. मोबाइलवर हवेची गुणवत्ता दिसते की, मग वेगळं काय मोजायचं? मीही सरांना हेच विचारलं होतं. मोबाइलवर दिसतं ते मुख्यतः पीएम २.५ आणि पीएम १०, म्हणजे हवेतल्या २.५ आणि १० मायक्रॉनपेक्षा बारीक कणांचं एकूण वजन. त्यात धूळ, क्षार, सगळंच आलं. गाडीच्या धुरातले काजळीचे कण बरेचसे ०.३ मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात आणि स्वस्तातल्या लेझर सेन्सरला ते जवळजवळ दिसतच नाहीत. रस्त्यावर डंपर काळा धूर ओकत असतो आणि सेन्सरचा आकडा ढिम्म हलत नाही, हे मी नंतर डोळ्यांनी पाहिलं. आपल्याकडे २००९ च्या मानकांत १२ प्रदूषकं आहेत, त्यांत ब्लॅक कार्बन नाही. हे आत्ताच सांगते, कारण प्रत्येक टेबलावर मला "मर्यादा किती आहे?" असं विचारलं गेलं, आणि मर्यादाच नाही म्हटल्यावर समोरच्याचा रस संपायचा.

यंत्र विभागात होतं. हातात मावणारे दोन ॲथालोमीटर, एकेकाचं वजन पावशेराच्या थोडं वर. या यंत्राचं तत्त्व बर्कलीच्या प्रयोगशाळेत हॅन्सन, रोझेन आणि नोवाकोव्ह यांनी बसवलं, १९८४ च्या सुमाराला. नावातला 'ॲथालो' काजळी धरण्याच्या ग्रीक शब्दावरून आलाय. आत एक बारीक पंप हवा ओढतो, हवा पांढऱ्या फिल्टरमधून जाते, फिल्टरवर काजळी बसते आणि ८८० नॅनोमीटरचा प्रकाश त्यातून आरपार किती जातो ते दर मिनिटाला मोजलं जातं. फिल्टर एका छोट्या प्लास्टिकच्या पट्टीत बसवलेला असतो, त्याला सगळे तिकीट म्हणतात. काम झाल्यावर तिकिटावर जेमतेम तीन मिलिमीटरचा, ज्वारीच्या दाण्याएवढा काळा ठिपका उरतो.

यंत्रं होती, तिकिटं नव्हती. ती बाहेरून मागवावी लागतात. खरेदी विभागाला तीन दरपत्रकं हवी होती आणि विकणारा एकच. मग 'प्रोप्रायटरी आर्टिकल सर्टिफिकेट' लागतं, म्हणजे ही वस्तू दुसरीकडे मिळत नाही असं विभागप्रमुखांच्या सहीनं लिहून द्यायचं. हे मला सप्टेंबरमध्ये कुणी सांगितलं असतं तर तीन आठवडे वाचले असते. तिकिटं नोव्हेंबरच्या अखेरीस हातात आली. तुम्हाला एखाद्या उपकरणाला लागणारी सुटी वस्तू हवी असेल तर विषय ठरला त्याच दिवशी खरेदीचा अर्ज टाका, प्रस्ताव नंतर लिहा.

सोमवारी, २५ नोव्हेंबरला मी परत त्या कार्यालयात. फाइल सापडली, पण ती विद्युत विभागाकडे पाठवायची होती, कारण खांब त्यांचा. विद्युत विभाग म्हणाला वाहतूक पोलिसांचं ना हरकत आणा. पोलिसांकडे मी यंत्राचा फोटो घेऊन गेले. तिथल्या हवालदारांनी फोटो मोठा करून पाहिला. काळा डबा, त्यातून निघालेली नळी, चमकणारा दिवा. ते मला म्हणाले, "मॅडम, हे बेवारस खांबाला दिसलं तर आम्ही बॉम्बशोधक पथकच बोलावणार." त्यांचं काही चुकलं नाही. मी असते तरी तेच केलं असतं. खांबाचा नाद तिथेच सोडला.

मग सिंहगड रस्त्यावर पायी फिरले. दोन दिवस, इमारती बघत. पहिल्या मजल्यावर रस्त्याकडे उघडी गॅलरी हवी, खाली तंदूरवाला किंवा वडापावची गाडी नको, शेजारी जनरेटर नको. तिसऱ्या दिवशी एक काकू भेटल्या. तुळशीला पाणी घालत होत्या. मी खालून ओरडून विचारलं तर म्हणाल्या, "आधी वर ये, मग सांग." गॅलरीच्या कठड्यावर एक फडकं होतं. त्यांनी ते दाखवलं. "सकाळी पुसते, संध्याकाळी असं." फडकं काळं कुळकुळीत. "आमचं यंत्र हे बघ. वीज लागत नाही."

खरं म्हणजे काकूंचं आणि माझं यंत्र एकाच घराण्यातलं. विलायतेत पूर्वी कोळशाच्या धुराचं मोजमाप असंच व्हायचं: ठरावीक हवा पांढऱ्या कागदातून ओढायची आणि कागद किती काळा झाला ते बघायचं. फरक फक्त ठरावीक हवा या दोन शब्दांत आहे. फडक्यातून किती हवा गेली ते काकूंना माहीत नाही. मला माहीत होतं, असं मला वाटत होतं.

तो समज लवकरच मोडला. ९ डिसेंबरला आम्ही दोन्ही यंत्रं शहरातल्या एका संशोधन संस्थेच्या गच्चीवर नेली. तिथे सात तरंगलांबींचं मोठं ॲथालोमीटर कायम चालू असतं. त्याच्या शेजारी आपली यंत्रं दोन आठवडे ठेवायची आणि आकडे जुळतात का पाहायचं. याची परवानगी एका ईमेलवर मिळाली, चहाही मिळाला. माझी दोन यंत्रं, क आणि ख, एकाच टेबलावर, दोघांच्या नळ्या हातभर अंतरावर. तरी ख सतत क पेक्षा बाराएक टक्के कमी दाखवायचं. दोन दिवस मी सेटिंगं तपासली. शेवटी तिथल्या तंत्रज्ञ दादांनी साबणाच्या बुडबुड्याचा फ्लोमीटर आणला. काचेच्या नळीत साबणाचा पडदा वर सरकतो, आपण स्टॉपवॉच दाबायचं. ख चा पंप मिनिटाला १०० मिलिलिटर ओढतोय असं पडद्यावर होतं, प्रत्यक्षात तो ८९ ओढत होता. हवा कमी, काजळी कमी, पण भागाकार मात्र शंभरानं. फ्लो नीट करून दिल्यावर दोघांतला फरक चार टक्क्यांच्या आत आला. "पंप म्हातारा होतो हो," दादा म्हणाले, "स्क्रीन होत नाही." तेव्हापासून दर सोमवारी फ्लो तपासायचा हे वहीत लाल पेननं लिहून टाकलं.

त्याच गच्चीवर नळीचा घोळ निस्तरला. मी फिश टँकच्या दुकानातून पारदर्शक प्लास्टिकची नळी आणली होती, मीटरभर, स्वस्त आणि दिसायला छान. अशा नळीत स्थिर वीज साठते आणि बारीक कण भिंतीलाच चिकटून राहतात. त्यासाठी विद्युतवाहक काळी सिलिकॉन नळी मिळते. ती शक्य तेवढी आखूड ठेवायची, वळणं कमी. माझी टँकवाली नळी आता खरंच भाच्याच्या टँकला आहे.

दमटपणानं तर रडवलंच. एके सकाळी यंत्र एसी लॅबमधून काढून थेट गच्चीवर नेलं. पहिली वीस मिनिटं आकडे (घनमीटरभर हवेत किती मायक्रोग्रॅम काजळी) असे: ६१, उणे ३८, ४४, उणे १२. गार फिल्टरवर बाहेरची ओल धरते आणि सुटते, प्रकाश कमीजास्त होतो, यंत्राला वाटतं काजळीच आली आणि गेली. इलाज साधा आहे: यंत्र बंद पिशवीतच बाहेर न्यायचं, अर्धा तास बाहेरच्या तापमानाला येऊ द्यायचं, मग तिकीट घालून सुरू करायचं. आणि सुरू केल्यावर दहा मिनिटं नळीच्या तोंडाला हेपा फिल्टर, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारी गाळणी, लावून शून्य येतंय का पाहायचं. सरासरी शून्याच्या आसपास आली नाही तर कुठेतरी गळती आहे.

उणे आकड्यांवरून आठवलं. काजळी उणे कशी असेल, म्हणून मी एक्सेलमध्ये सगळे उणे आकडे उडवून टाकले होते. सरांनी शेजारी बसवून दोन सरासऱ्या काढायला लावल्या. उडवण्याआधी ६, नंतर ८. यंत्राचा गोंगाट, म्हणजे आकड्यांचं विनाकारण वरखाली होणं, दोन्ही बाजूंना असतो. खालच्या बाजूचा तेवढा कापला की सरासरी वर चढते. सेकंदासेकंदाला मोजलं तर हा गोंगाट फार, मिनिटाला मोजलं तर बराच कमी. उणे आकडे ठेवायचे, आणि गोंगाट झोंबत असेल तर लांब वेळेची सरासरी घ्यायची.

मोठ्या यंत्राशी जुळणीचं समीकरण मिळालं, २० डिसेंबरला आम्ही सामान गुंडाळलं. तिथून निघताना मी दादांना विचारलं, मग मोठं यंत्र बरोबर कशावरून? ते हसले. प्रकाश किती अडला यावरून वजन काढायला एक गुणक लागतो, मोठ्या यंत्रात तो ७.७७ धरलाय, माझ्या छोट्यांत वेगळा. काजळी तापवून, जाळून, त्यातून निघणारा कार्बन मोजायची पद्धत आहे, पण तिचं उत्तर आणखी निराळं येतं आणि त्याला नावही निराळं, एलिमेंटल कार्बन. म्हणून प्रबंधात कुठल्या पद्धतीनं, कुठल्या गुणकानं हे लिहिलंच पाहिजे. नुसतं 'काजळी १७' याला काही अर्थ नाही.

६ जानेवारी २०२५, सोमवार. क काकूंच्या गॅलरीत, रस्त्याच्या कडेपासून सहा-सात मीटरवर. ख गल्लीत ८० मीटर आत, एका सोसायटीच्या पहिल्या मजल्यावरच्या जिन्यात, खिडकीतून नळी बाहेर काढून. सोसायटीच्या सचिवांना पत्र, आधारची झेरॉक्स आणि कॉलेजचं बोनाफाइड दिलं, दोन दिवसांत होकार आला. विजेचे पैसे विचारले तर म्हणाले, मोबाइल चार्जरएवढं तर खातंय. दोन्ही जागी मिळून माझा स्वतःचा खर्च साडेचार हजारांच्या आसपास झाला: दोन पॉवर बँक, क्लॅम्प, यंत्रावर धरायला प्लास्टिकचे डबे, आणि बाकी रिक्षा.

पहिला मोठा फटका ८ जानेवारीला. सकाळी नऊला तिकीट घातलं आणि कॉलेजला गेले. रात्री येऊन आलेख उघडला तर दुपारी काजळी जास्त आणि संध्याकाळी सातच्या तुंबलेल्या रस्त्यावर कमी! मी अर्धा तास फार हुशार कारणं शोधली: वारा सुटला असेल, डिझेल गाड्या कमी असतील. वहीत मात्र काकूंच्या अक्षरात 'सात वाजता खूप ट्रॅफिक, हॉर्न' लिहिलेलं. मग एटीएनचा रकाना पाहिला. फिल्टर किती काळा झाला ते हा आकडा सांगतो. तो दीडशेच्या घरात गेला होता. काजळीवर काजळी बसली की नवा कण आधीच्यांच्या सावलीत जातो, आणि यंत्र कमी मोजायला लागतं. मी जागेवरच तिकीट बदललं. बदलण्याआधी आकडा १३ च्या आसपास होता, बदलल्यावर दहा मिनिटांत २१. रस्ता तोच, गाड्या त्याच. ते जुनं तिकीट मी दिव्याखाली धरलं तर ठिपका इतका काळा की चकाकत होता.

दिल्ली-पुण्याच्या रस्त्यांना परदेशी पुस्तिकेतला 'एक तिकीट दिवसभर' हा सल्ला लागू पडत नाही, एवढं त्या रात्री कळलं. मी हिशेब केला: १०० मिलिलिटरवर, घनमीटरभर हवेत २० मायक्रोग्रॅम काजळी असली, तर साडेतीन तासांत एटीएन ७५. तिथेच बदलायचं असं ठरवलं. फ्लो ५० वर आणला, म्हणजे सात तास मिळाले, गोंगाट थोडा वाढला. उरलेल्या घटीसाठी नंतर गणिती दुरुस्ती केली, पण तिकीट वेळेवर बदलणं हा खरा उपाय. रात्री दोनचं तिकीट काकूंच्या मुलानं बदललं, तेवीस रात्री. तो परीक्षेच्या अभ्यासाला जागा असायचा. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्याचं नाव सरांच्याही आधी आहे.

घड्याळाचा गोंधळही आठवड्याभरात सापडला. मी मोबाइलवर रस्त्याचं चित्रीकरण करून गाड्या मोजत होते आणि डंपर गेल्यावर चार मिनिटांनी काजळीचा सुळका यायचा. डंपर आणि धूर यांत चार मिनिटं? लॅपटॉपचं घड्याळ मागे होतं आणि यंत्रानं ते लॅपटॉपकडूनच घेतलेलं. तेव्हापासून रोज सकाळी एकाच फोटोत मोबाइल आणि लॅपटॉपचा पडदा. घड्याळ जुळल्यावर चित्र फार स्पष्ट झालं. सीएनजीची बस गेली की आलेख जवळजवळ सपाट. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीचंही तसंच, तिला बहुधा कणांची गाळणी असते. आणि रात्री अकरानंतर पुलाच्या कामावरचा एखादा जुना मिक्सर चढावर गिअर टाकतो तेव्हा पुढची दोन-तीन मिनिटं आकडा साठीच्या वर. दिवसभर त्याच कामाची धूळ उडायची, तुळस पांढरी व्हायची, पण काजळीच्या आकड्यात त्याचं फारसं काही दिसायचं नाही.

आता शेकोटीची गोष्ट. भोगी-संक्रांतीच्या आठवड्यात आलेखावर पहाटे साडेपाच ते साडेसहा रोज एक उंचवटा यायला लागला. मला आनंदच झाला. पहाटेची थंड हवा जमिनीलगत दबून बसते, धूर वर जात नाही, हे सगळं पुस्तकात आहे. मी परिच्छेदही लिहून टाकला. मग ख चा आलेख उघडला. तोच उंचवटा गल्लीत रस्त्यापेक्षा दुप्पट होता! रस्त्यापासून लांब गेलं की काजळी कमी व्हायला हवी. लॉस एंजेलिसच्या ७१० फ्रीवेवर २००२ सालीच मोजून दाखवलंय: तीनशे मीटरवर धुराचे कण आसपासच्या हवेत मिसळून गेलेले असतात. माझ्याकडे उलटंच. मला वाटलं, मी क आणि ख च्या चिठ्ठ्या बदलल्या.

१६ जानेवारीला पहाटे सव्वापाचला गेले. सोसायटीच्या फाटकाशी, माझ्या नळीच्या बरोबर खाली, वॉचमनकाकांची शेकोटी. पालापाचोळा, पुठ्ठ्याची खोकी, मधेच एक दुधाची पिशवी. मला बघून त्यांनी खुर्ची सरकवली. "या ताई, बसा. थंडी बघा की किती!" मी बसले, हात शेकले. काय सांगणार होते त्यांना, की तुमच्यामुळे माझा प्रबंध बिघडतोय? उबेला पर्याय म्हणून सोसायटीनं त्यांना दिलं काय होतं, एक प्लास्टिकची खुर्ची.

माझ्या यंत्राला एकच तरंगलांबी, ते लाकडाचा धूर आणि डिझेलचा धूर वेगळा करूच शकत नाही. गच्चीवरचं मोठं यंत्र सात रंगांत मोजतं. लाकूड-पाचोळ्याचा धूर अतिनील बाजूला जास्त प्रकाश खातो, त्यावरून ओळखू येतं. मला वहीच कामाला आली. त्या दिवसापासून 'शेकोटी सुरू, शेकोटी विझली' अशी वेळ वॉचमनकाकांनी स्वतःच लिहून दिली, रोज, न चुकता. ते तास मी रस्त्याच्या सरासरीतून बाजूला काढले आणि वेगळे दाखवले. पुस्तकातला तो परिच्छेद काढून टाकला.

१९ जानेवारीला दोन्ही यंत्रांची अदलाबदल केली, ख रस्त्यावर आणि क गल्लीत, म्हणजे एखादं यंत्र मुळातच कमी दाखवत असेल तर ते पाप दोन्ही जागांत वाटलं जातं. महिनाअखेर जीबीएसच्या, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराच्या, बातम्यांनी तो सगळा भाग धास्तावला होता. काकू मला उकळून गार केलेलं पाणी द्यायच्या आणि बाहेरचं काही खाल्लं नाहीस ना, असं विचारायच्या. २ फेब्रुवारीला यंत्रं उतरवली. दुसऱ्या दिवशी परत गच्चीवर, शेजारी शेजारी तीन दिवस. हे शेवटचं जुळवणं टाळायचा फार मोह होतो, कारण आपण दमलेलो असतो. ख चा पंप परत पाच टक्के घसरलेला निघाला. टाळलं असतं तर कळलंच नसतं.

एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा झाली. बाहेरच्या परीक्षकांनी निकालांवर दोन प्रश्न विचारले आणि वहीवर पंचवीस मिनिटं.

मे महिन्यात काकूंना प्रबंधाची प्रत द्यायला गेले. त्यांनी पानं उलटली, आलेखावर बोट ठेवलं. "मग किती निघालं शेवटी?"

"रस्त्याकडे सरासरी सतरा. गल्लीत, शेकोटी सोडून, नऊ."

"सतरा म्हणजे जास्त की कमी?"

तोच प्रश्न, प्रत्येक टेबलावरचा. मर्यादा नाही हे त्यांना सांगून काय उपयोग होता! मला आठवलं, शेवटच्या दोन दिवसांत तिकिटं उरली होती म्हणून मी एक यंत्र त्यांच्याच घराच्या मागच्या बाल्कनीत लावून बघितलं होतं. ते आकडे प्रबंधात नाहीत, दोनच दिवसांचे आहेत. पुढच्या गॅलरीच्या निम्म्याला थोडे वर होते. ते सांगितलं.

काकू उठल्या, गॅलरीत गेल्या आणि वाळत घातलेली चादर काढायला लागल्या. "धर एक टोक," म्हणाल्या. "दोरी मागे बांधू."